वसंत मून : विखुरलेल्या कागदांचा राखणदार

सीताबर्डीच्या महारपुऱ्यात, म्हणजे आजच्या आनंदनगरात, वाढलेले वसंत मून (१९३२-२००२) आम्हां सर्वांस बाबासाहेबांच्या वाङ्मयाचे संपादक म्हणून परिचित आहेत. गरिबीत शिकून ते शासकीय सेवेत अधिकारी झाले.

१९५६ नंतर बाबासाहेबांची अप्रकाशित हस्तलिखिते न्यायालयीन ताब्यातील पेट्यांत वर्षानुवर्षे पडून होती. भाषणे जुन्या वृत्तपत्रांत, विधिमंडळाच्या कामकाजात व सरकारी अहवालांत विखुरलेली होती. महाराष्ट्र शासनाच्या चरित्र साधने प्रकाशन समितीचे काम हाती घेऊन मून यांनी ही साधने शोधली, अपुऱ्या प्रकरणांची पाने जुळवली. १९७९ साली पहिला इंग्रजी खंड निघाला. आज जगभरचे अभ्यासक याच खंडांचा आधार घेतात. 'वस्ती' या आत्मकथनात त्यांनी आपला मोहल्लाही इतिहासाच्या स्वाधीन केला.

आमच्या घरांतील जुन्या ट्रंकांत समता सैनिक दलाची पत्रके, धम्मदीक्षेची छायाचित्रे, सभांची इतिवृत्ते अजूनही असतील. वाळवीच्या आधी आपण तेथे पोहोचावे. प्रत्येक कागदासोबत तारीख, ठिकाण व माणसांची नावे टिपून तो ग्रंथालयाकडे सोपवावा. मून यांना याहून यथार्थ अभिवादन नाही.