रॉजर कॉनर : न मोजलेल्या विक्रमाचा धनी

बेब रूथने १८ जुलै १९२१ रोजी डेट्रॉइटच्या मैदानावर कारकिर्दीतील १३९वा होमरन फटकावला आणि बेसबॉलमधील एक मोठा विक्रम मोडला. त्याची दखल मात्र कोणी घेतली नाही. खेळाडूच्या साऱ्या कारकिर्दीतील होमरनची बेरीज करून ठेवण्याची प्रथाच तेव्हा रूढ नव्हती. ज्याचा विक्रम मोडला, तो रॉजर कॉनर त्या वेळी हयात होता.

कॉनरचा जन्म १ जुलै १८५७ रोजी कनेक्टिकट राज्यातील वॉटरबरी या पितळी वस्तूंच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या गावी, आयर्लंडहून आलेल्या कुटुंबात झाला. सहा फूट तीन इंच उंची आणि भक्कम शरीरयष्टी लाभलेला हा डावखुरा फलंदाज १८८०मध्ये ट्रॉय संघातून नॅशनल लीगमध्ये दाखल झाला. पुढच्याच वर्षी, १० सप्टेंबर १८८१ रोजी, वूस्टरविरुद्ध शेवटच्या डावात संघ तीन धावांनी मागे आणि दोन गडी बाद असताना तिन्ही बेसवर आपले खेळाडू उभे होते. कॉनरने चेंडू सीमापार धाडला आणि सामना जिंकून दिला. प्रमुख लीगमधील हा पहिला ‘ग्रँड स्लॅम’ मानला जातो.

१८८३मध्ये तो न्यूयॉर्कला आला. त्याच्यासारख्या धिप्पाड खेळाडूंमुळेच त्या संघाला ‘जायंट्स’ हे नाव पडले, असे सांगतात. १८८६मध्ये त्याने मारलेला एक चेंडू पोलो ग्राउंड्सची भिंत ओलांडून थेट रस्त्यावर गेला, तेव्हा सामना पाहणाऱ्या शेअर बाजारातील मंडळींनी वर्गणी काढून त्याला सोन्याचे घड्याळ भेट दिले. तो काळ मऊ पडलेल्या चेंडूंचा आणि विस्तीर्ण मैदानांचा होता. अशा मैदानांवर ताकदीइतकाच वेगही लागे. धावत तिसरा बेस गाठणारे त्याचे फटके २३३ भरले. या यादीत तो आजही पाचवा आहे.

१८९०मध्ये मालकांच्या जाचक करारांविरुद्ध बंड करून खेळाडूंनी स्वतःची लीग काढली. कॉनर त्यांत सामील झाला. ही लीग एकाच हंगामात बंद पडली. पण एखाद्या हंगामात होमरनमध्ये अव्वल ठरण्याचा मान त्याला मिळाला तो तिथेच. नॅशनल लीगमध्ये हा मान त्याच्या वाट्याला कधी आला नाही. सातत्याने भर घालत १८९७मध्ये प्रमुख लीगमधून बाहेर पडेपर्यंत त्याने १३८ होमरन केले.

नंतर वॉटरबरीत त्याने स्वतःचा छोटा संघ चालवला, पुढे शाळांचा निरीक्षक म्हणून नोकरी केली. ४ जानेवारी १९३१ रोजी त्याचे निधन झाले.

१९७०च्या दशकाच्या आरंभी हँक आरन रूथच्या ७१४ होमरनच्या जवळ पोहोचला, तेव्हा रूथच्या आधी हा विक्रम कोणाकडे होता, असा प्रश्न पुढे आला. जुनी धावपत्रके नव्याने तपासणाऱ्या संशोधकांच्या चिकाटीमुळे कॉनरचे नाव धुळीतून वर आले. (त्याचा आकडाही आधी कमीच धरला जात होता.) १९७६मध्ये त्याला ‘हॉल ऑफ फेम’मध्ये स्थान मिळाले. वॉटरबरीच्या दफनभूमीत त्याची कबर मात्र तेव्हाही विनानावाचीच होती. गावकऱ्यांनी निधी जमवून तिच्यावर शिळा बसवली ती २००१मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर ७० वर्षांनी.