मलिक अंबराचे गोत

खानापूर तालुक्याच्या रानात राहणारे सिद्दी बांधव बाजारास आले, की बेळगाव-निपाणीकडील शहाणासुरता माणूसही हे कुठले म्हणून विचारतो. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणले गेले आणि त्यांतील पुष्कळजण गोव्यातील पोर्तुगीज मालकांच्या तावडीतून निसटून घाट चढून आले, हे आम्हांस शाळेत कोणी शिकविले नाही. शिकविला तो मलिक अंबर. पण तोही याच दुर्दैवाच्या वाटेने आला होता, हे त्या धड्यात नव्हते.

इथिओपियात १५४८ च्या सुमारास जन्मलेले चापू नावाचे हे पोर मोखा, बगदाद असे बाजार पालटत दख्खनेत पोहोचले. बगदादच्या मीर कासीमने त्यास अंबर हे नाव दिले, लिहावाचावयास शिकविले. पुढे निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्यास विकत घेतले. नवल असे, की हा धनीही हबशी आणि पूर्वाश्रमीचा गुलामच! १५७४-७५ च्या सुमारास धनी वारला आणि अंबर मोकळा झाला. परमुलखात, गणगोतावाचून मोकळा झालेला माणूस जाणार कोठे? त्याने तलवार धरली आणि सुमारे वीस वर्षे विजापूरकरांची चाकरी केली. आपला हा मुलूख तेव्हा त्याच आदिलशाहीत होता.

१६०० मध्ये अकबराच्या फौजेने अहमदनगर घेतले. निजामशाही संपली असे सर्वांनी मानले. अंबराने मानले नाही. परांड्यास दुसऱ्या मुर्तझास गादीवर बसवून त्याने मराठा स्वारांच्या बळावर गनिमी काव्याने मोगलांस जेरीस आणले. खडकी शहर वसविले, नहर खोदून तेथे पाणी खेळविले. १६२४ मध्ये भातवडीस तलावाचा बांध फोडून त्याने मोगल व आदिलशाही फौजांची दाणादाण उडविली; शहाजीराजे त्या लढाईत त्याच्या बाजूने होते. जहांगीर बादशहाला तर अंबराच्या मस्तकावर बाण सोडल्याचे समाधान केवळ चित्रात मिळाले.

त्यास संत ठरविण्याचा आमचा हेतू नाही. मुर्तझा १६१० मध्ये विषाने मेला, आणि तो संशय अंबरावरून पुसला गेलेला नाही. १६२६ मध्ये तो वारला. खुलताबादेस त्याची कबर आहे. त्याच्यामागे निजामशाही दहा वर्षेच टिकली.

खानापूरच्या सिद्दींचे काय? शेजारच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दींना अनुसूचित जमातींच्या यादीत २००३ मध्ये स्थान मिळाले; बेळगाव आणि धारवाडच्या सिद्दींना त्यासाठी २०२० साल उजाडावे लागले. जमात तीच, रानही तेच. मधून जिल्ह्याची हद्द तेवढी गेली होती.