विश्लेषण : प्लेगची लस आधी स्वतःला टोचली, तरी हाफकिन दोषी का ठरले?

नवे औषध सुरक्षित आहे हे आज प्रयोगशाळेत, प्राण्यांवर आणि मग टप्प्याटप्प्याने माणसांवर तपासले जाते. १८९७ मध्ये मुंबईत मात्र वाल्डेमार हाफकिन यांनी माणसांवरील पहिली चाचणी स्वतःवरच केली.

हाफकिन कोण होते?

जन्म १८६० चा, ओडेसा शहरातला. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली. १८९२ मध्ये तीही त्यांनी आधी स्वतःलाच टोचली होती. १८९३ मध्ये ते भारतात आले.

मुंबईत काय घडले?

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरला आणि सरकारने हाफकिन यांना बोलावले. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्यांनी उष्णतेने मारलेल्या जंतूंपासून लस बनवली आणि सशांवर तपासली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती स्वतः घेतली. ताप आला, अंग दुखले, पण ते बरे झाले. त्यानंतर भायखळा तुरुंगात तयार असलेल्या कैद्यांना लस दिली गेली. लस न घेतलेल्यांशी तुलना केली असता, लस घेतलेल्यांमध्ये प्लेग कमी दिसला. कैद्यांवरील अशा चाचणीला आज फार कडक अटी आहेत.

मग आरोप कसला?

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबमधील मुल्कोवाल गावात १०७ जणांना लस दिली गेली. त्यातील १९ जण धनुर्वाताने दगावले. या सर्वांची लस एकाच बाटलीतली होती. हाफकिन यांनी लसनिर्मितीत कार्बोलिक अॅसिड वापरणे थांबवले होते. चौकशीत त्यावर बोट ठेवून प्रयोगशाळेला दोषी धरले गेले आणि त्यांचे पद गेले.

सत्य काय निघाले?

बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, असे पुढे आले. रोनाल्ड रॉस यांच्यासह अनेक शास्त्रज्ञ हाफकिन यांच्या बाजूने उभे राहिले. १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले. मात्र मुंबईतील संचालकपद त्यांना परत मिळाले नाही. ते कोलकात्यात काम करत राहिले.

१९२५ मध्ये मुंबईतील त्या प्रयोगशाळेला हाफकिन यांचे नाव मिळाले. १९३० मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.

यातून काय कळते?

लस सुरक्षित असणे पुरेसे नाही. बाटली भरण्यापासून सुई टोचेपर्यंत प्रत्येक पायरी तपासावी लागते. म्हणूनच आज लशीच्या प्रत्येक बॅचची निर्जंतुकता तपासूनच ती बाहेर पाठवली जाते.