वऱ्हाडची खंजिरी आणि होरपळलेला जपान

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव घेतले की ग्रामगीता, खंजिरी आणि ग्रामसफाई आठवते. महायुद्धात होरपळलेल्या जपानशी जुळलेला त्यांच्या चरित्रातील धागा मात्र फारसा चर्चिला जात नाही.

अमरावती जिल्ह्यातील यावली येथे ३० एप्रिल १९०९ रोजी माणिक बंडोजी इंगळे यांचा जन्म झाला. वरखेडच्या आडकोजी महाराजांनी त्यांना 'तुकड्या' हे नाव दिले. १९३५ मध्ये मोझरी येथे त्यांनी गुरुकुंज आश्रमाची स्थापना केली. ऑगस्ट १९४२ मध्ये चिमूर-आष्टीचा उठाव झाला. त्यानंतर चिमूरच्या निरपराध गावकऱ्यांवर, विशेषतः स्त्रियांवर, लष्करी अत्याचार झाले. महाराजांनाही अटक होऊन नागपूर व रायपूरच्या तुरुंगात राहावे लागले.

पुढे तीनच वर्षांनी, ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर आणि ९ ऑगस्टला नागासाकीवर अमेरिकेने अणुबॉम्ब टाकले. त्या वर्षअखेरपर्यंत हिरोशिमात सुमारे १ लाख ४० हजार, तर नागासाकीत सुमारे ७० हजार माणसे मरण पावली. त्यांत बहुसंख्य सामान्य नागरिक होते. वाचलेल्यांना किरणोत्सर्गाने ग्रासले. मार्च १९५४ मध्ये बिकिनी बेटावरील हायड्रोजन बॉम्बच्या चाचणीची राख जपानी मच्छीमारांच्या नौकेवर पडली आणि जखम पुन्हा भळभळू लागली.

अशा काळात, १९५५ मध्ये, जपानमधील विश्वधर्म व विश्वशांती परिषदेस महाराज उपस्थित राहिले. ग्रामगीतेतून ते ज्या स्वयंपूर्ण, शांत खेड्याचे चित्र रेखाटत होते, त्या खेड्याचे अस्तित्वच एका बॉम्बने पुसले जाऊ शकते, हे वास्तव त्या भूमीने जगापुढे मांडले होते. सर्व धर्मांच्या लोकांनी एकत्र बसून करावयाची सामुदायिक प्रार्थना हे महाराजांचे त्यावरील उत्तर होते.

तथापि, त्यांची शांतता दुबळी नव्हती. १९६२ च्या चिनी आक्रमणाच्या वेळी आणि १९६५ च्या युद्धातही सीमेवर जाऊन त्यांनी जवानांचे मनोबल वाढविले. शस्त्रधारी सैनिकाशी लढणे वेगळे आणि झोळीतल्या लेकरासह अख्खे शहर जाळणे वेगळे, हा विवेक त्यांच्या जीवनातून दिसतो.

११ ऑक्टोबर १९६८ रोजी त्यांचे महानिर्वाण झाले. पुण्यतिथी महोत्सवात आजही अमरावती-अकोल्यासह विदर्भातील असंख्य गुरुदेवभक्त गुरुकुंजात मौन श्रद्धांजली वाहतात. हिरोशिमाही दर ६ ऑगस्टला सकाळी सव्वाआठ वाजता असेच मौन पाळते. अण्वस्त्रांचे साठे आजही कायम असताना या दोन्ही मौनांचा अर्थ समजून घेणे, हीच राष्ट्रसंतांना खरी आदरांजली ठरेल.