स्त्रीच्या नुस्ख्यातून आलेले हृदयाचे औषध

हृदयाचे ठोके अनियमित आणि वेगाने पडू लागले की काही रुग्णांना आजही डिगॉक्सिनची गोळी दिली जाते. या औषधाचा इतिहास डॉ. विल्यम विदरिंग यांच्यापासून सुरू होतो.

विदरिंग यांचा जन्म १७४१ मध्ये इंग्लंडमधील वेलिंग्टन येथे झाला. १७६६ मध्ये एडिनबरो विद्यापीठातून ते डॉक्टर झाले. वनस्पतिशास्त्राचा त्यांचा अभ्यासही गाढा होता. १७७५ मध्ये अंगावर सूज येऊन पाणी साठण्याच्या विकारावरील एक घरगुती नुस्खा त्यांच्याकडे मत विचारण्यासाठी आला. श्रॉपशायरमधील एका वृद्ध स्त्रीने तो गुप्त ठेवला होता. डॉक्टरांनी हात टेकलेले काही रुग्ण त्याने बरे होत. त्यात वीसेक वनस्पती होत्या. गुण मात्र फॉक्सग्लोव्हचा, म्हणजे डिजिटॅलिसचा आहे, हे विदरिंग यांनी ओळखले.

पुढची दहा वर्षे त्यांनी या पानांची मात्रा शोधण्यात घालवली. औषध थोडे जास्त झाले की उलट्या होत, नाडी मंदावे, वस्तू पिवळ्या-हिरव्या दिसत. म्हणून अशी लक्षणे दिसताच औषध थांबवावे, असा दंडक त्यांनी घातला. १७८५ च्या पुस्तकात दीडशेहून अधिक रुग्णांच्या नोंदी त्यांनी दिल्या, त्यात फसलेले उपचारही लपवले नाहीत. छातीच्या आजाराने ते स्वतः अनेक वर्षे त्रस्त होते. १७९९ मध्ये त्यांचे निधन झाले.

ठोक्यांच्या अनियमिततेवर डिजिटॅलिसचा नेमका उपयोग विसाव्या शतकात स्पष्ट झाला. विदरिंग यांची सावधगिरी मात्र पुढे काहीशी विसरली गेली. हृदयाची ताकद कमी झालेल्या सुमारे ६,८०० रुग्णांवर डिगॉक्सिनची मोठी चाचणी झाली, त्यात स्त्रिया जेमतेम २२ टक्के होत्या. एकूण मृत्यूंत फरक दिसला नाही. २००२ मध्ये स्त्री-पुरुषांचे आकडे वेगळे काढले, तेव्हा डिगॉक्सिन घेणाऱ्या शंभर स्त्रियांमागे सुमारे ३३, तर औषधाविना असलेल्या गोळ्या घेणाऱ्या शंभर स्त्रियांमागे सुमारे २९ मृत्यू आढळले. पुरुषांत असा तोटा दिसला नाही. रक्तातील औषधाचे प्रमाण जास्त असेल तर धोका वाढतो, असे नंतरच्या विश्लेषणांतून दिसले. कमी वजन आणि मूत्रपिंडांची कमी क्षमता असली की हे प्रमाण सहज वाढते आणि वयस्क स्त्रियांत ही दोन्ही कारणे वारंवार आढळतात.

म्हणून डिगॉक्सिन घेणाऱ्यांनी, विशेषतः स्त्रियांनी, मळमळ, भूक मंदावणे, नाडी संथ होणे किंवा पिवळसर दिसणे याकडे दुर्लक्ष करू नये. गोळी मनाने बंद करू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून मूत्रपिंड आणि पोटॅशियम तपासून घ्यावे. नेमके हेच, रुग्ण पाहून मात्रा ठरवणे, विदरिंग यांनी दोनशेहून अधिक वर्षांपूर्वी सांगितले होते.