केशवराव भोसले

केशवराव विठ्ठल भोसले (९ ऑगस्ट १८९०, कोल्हापूर – ४ ऑक्टोबर १९२१) हे मराठी संगीत रंगभूमीवरील श्रेष्ठ गायक-नट आणि 'ललितकलादर्श' या नाटक मंडळीचे संस्थापक होते. रसिकांनी त्यांना 'संगीतसूर्य' ही उपाधी दिली. त्यांना जेमतेम एकतीस वर्षांचे आयुष्य लाभले. मृत्यूपूर्वी तीन महिने त्यांनी बालगंधर्वांसह 'संयुक्त मानापमान' या नाटकात नायकाची भूमिका केली. हा प्रयोग मराठी संगीत रंगभूमीच्या इतिहासातील सर्वाधिक स्मरणात राहिलेल्या प्रयोगांपैकी एक मानला जातो.

बालपण आणि स्त्रीभूमिका

केशवरावांचा जन्म कोल्हापुरात एका सामान्य कुटुंबात झाला. वडिलांचे छत्र लवकर हरपल्याने ते अगदी कोवळ्या वयात 'स्वदेश हितचिंतक नाटक मंडळी'त दाखल झाले. त्यांना औपचारिक शिक्षण फारसे मिळाले नाही. नाटक मंडळी हीच त्यांची शाळा ठरली.

त्या काळी स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करीत. कंपनीत आलेल्या गोड गळ्याच्या मुलाकडे स्त्रीभूमिका येणे हे ठरलेलेच असे. केशवरावांना नाव मिळाले ते गोविंद बल्लाळ देवल यांच्या 'संगीत शारदा'मधील शारदेच्या भूमिकेमुळे. वृद्धाशी विवाह लावून दिल्या जाणाऱ्या बालिकेची व्यथा प्रत्यक्ष बालवयातील नटाच्या उंच, भेदक स्वरातून प्रेक्षकांपर्यंत पोहोचली. शारदा म्हटली की केशवराव आठवावेत, इतकी ही भूमिका त्यांच्या नावाशी जोडली गेली.

ललितकलादर्शची स्थापना

१ जानेवारी १९०८ रोजी, वयाच्या अठराव्या वर्षात, केशवरावांनी हुबळी येथे 'ललितकलादर्श' या स्वतःच्या मंडळीची स्थापना केली. नाटक मंडळी चालवणे म्हणजे केवळ नाटक करणे नव्हे. नट, गवई, साथीदार, आचारी अशा मोठ्या परिवाराचे पोट त्यावर चाले. गावोगावी मुक्काम हलवावा लागे आणि एखाद्या गावी उत्पन्न बुडाले तर कर्ज काढून पुढचे गाव गाठावे लागे. हा सारा भार केशवरावांनी तरुण वयात उचलला.

या मंडळीने जुन्या लोकप्रिय नाटकांवरच विसंबून न राहता नव्या लेखकांना रंगमंच दिला. हिराबाई पेडणेकर या आरंभीच्या मराठी स्त्री-नाटककार. त्यांचे 'दामिनी' हे नाटक ललितकलादर्शने रंगभूमीवर आणले. वीर वामनराव जोशी यांचे 'राक्षसी महत्त्वाकांक्षा', तसेच मामा वरेरकर यांची हुंडापद्धतीवरील 'हाच मुलाचा बाप' आणि १९१९ मधील 'संन्याशाचा संसार' ही नाटकेही याच मंडळीने सादर केली. सामाजिक प्रश्न आणि संगीत यांची सांगड घालण्याचा हा प्रयत्न होता.

नेपथ्याकडेही केशवरावांचे बारीक लक्ष असे. कोल्हापूरचे चित्रकार बंधू आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांच्याकडून त्यांनी मंडळीसाठी पडदे रंगवून घेतले. यांपैकी बाबूराव पेंटर पुढे मराठी चित्रपटसृष्टीचे एक आद्य निर्माते म्हणून प्रसिद्धीस आले.

गायकी

केशवरावांना रामकृष्णबुवा वझे यांचे मार्गदर्शन लाभले. वझेबुवांनी ललितकलादर्शच्या नाटकांतील पदांना चालीही दिल्या. केशवरावांचा आवाज उंच पट्टीचा, दाणेदार आणि जोरकस होता. वेगवान तान आणि तारसप्तकातील निःशंक संचार ही त्यांच्या गाण्याची वैशिष्ट्ये मानली जात. ध्वनिवर्धक नसलेल्या त्या काळात गायक-नटाला शेवटच्या रांगेपर्यंत केवळ कंठाच्या बळावर पोहोचावे लागे. केशवरावांना ते सहज साधे.

त्यांचे समकालीन नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व (१८८८–१९६७) यांची प्रकृती अगदी वेगळी होती. भास्करबुवा बखले यांच्या तालमीत तयार झालेल्या बालगंधर्वांचे गाणे मृदू, लडिवाळ आणि शब्दाला गोंजारणारे होते. दोघांच्याही आयुष्याला कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराजांच्या आश्रयाचा स्पर्श झाला होता. मात्र दोघांच्या मंडळ्या स्वतंत्र होत्या. साहजिकच रसिकांतही दोन तट पडले होते. कोण श्रेष्ठ, हा वाद प्रेक्षकांतच अधिक रंगत असे.

संयुक्त मानापमान

लोकमान्य टिळकांचे १ ऑगस्ट १९२० रोजी निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ राष्ट्रीय सभेने १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी एक कोटी रुपये जमवण्याचे ठरवले. या फंडाच्या साहाय्यार्थ गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श यांनी एकत्र येऊन ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरमध्ये 'मानापमान'चा प्रयोग केला. नारायण राजहंस यांना 'बालगंधर्व' हे नाव टिळकांच्या उद्गारांवरून मिळाले, असे परंपरेने सांगितले जाते. त्यामुळे या प्रसंगाला कृतज्ञतेचीही एक छटा होती.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे हे नाटक १२ मार्च १९११ रोजी किर्लोस्कर नाटक मंडळीने प्रथम रंगभूमीवर आणले होते. त्यातील पदांना गोविंदराव टेंबे यांनी चाली दिल्या होत्या. धनाढ्य घरातील भामिनी निर्धन पण शूर अशा सेनापती धैर्यधराचा अपमान करते. पुढे ती वनमाला या साध्या मुलीच्या वेषात त्याच्या छावणीत जाते आणि त्याचे मोठेपण ओळखून त्याच्यावर प्रेम करू लागते, असे नाटकाचे कथानक आहे. पहिल्या प्रयोगापासून बालगंधर्व भामिनीची भूमिका करीत आले होते. संयुक्त प्रयोगात त्यांच्यासमोर धैर्यधर म्हणून केशवराव उभे राहिले.

पाश्चात्त्य ऑपेरातील प्रेमी युगुल एकाच वेळी गाते आणि दोन्ही स्वररचना आधीच लिहून ठेवलेल्या असतात. मराठी संगीत नाटकाची रीत निराळी आहे. येथे नायक-नायिका बहुधा आपापली पदे स्वतंत्रपणे गातात. एकाच्या पदाला दुसऱ्याचे पद उत्तर देते आणि पदाचा विस्तार गायकाने जागेवरच करायचा असतो. प्रेक्षकांनी 'वन्समोअर' दिला की तेच पद पुन्हा, पण नव्या रंगाने गायले जाते. त्यामुळे युगुलगीताचा आनंद दोन स्वरांच्या मिश्रणापेक्षा त्यांच्या संवादातून मिळतो. केशवरावांचा तेजस्वी धैर्यधर आणि बालगंधर्वांची मानिनी भामिनी यांच्यात हा संवाद कथानकाच्या ओघातच उभा राहिला. स्वभावाने भिन्न अशा दोन गायकी येथे भिन्न स्वभावाच्या दोन पात्रांच्या मुखी आल्या.

हा प्रयोग पाहणाऱ्यांपैकी कित्येक जण दोन गवयांची झुंज पाहण्याच्या अपेक्षेने आले होते. परंतु नाटकाची मागणी झुंजीची नव्हती. मानभंगातून प्रेमाकडे जाणाऱ्या कथेत दोघांनी एकमेकांवर मात करण्याचा प्रयत्न केला असता, तर नाटकच कोसळले असते. प्रयोग यशस्वी झाला आणि त्यानंतर 'संयुक्त सौभद्र'चाही प्रयोग झाला. त्यात केशवराव अर्जुनाच्या, तर बालगंधर्व सुभद्रेच्या भूमिकेत होते. ज्याने बालवयात शारदा साकारली, तोच नट आता नायकाच्या भूमिकेत दुसऱ्या थोर स्त्रीभूमिका-नटासमोर उभा होता. रंगमंचावरील दोन्ही प्रेमी पुरुषच होते, याचे त्या काळच्या प्रेक्षकांना नवल वाटत नसे.

मृत्यू

संयुक्त प्रयोगांनंतर थोड्याच काळात केशवराव विषमज्वराने आजारी पडले आणि ४ ऑक्टोबर १९२१ रोजी त्यांचे निधन झाले. ८ जुलै ते ४ ऑक्टोबर हे अंतर अठ्ठ्याऐंशी दिवसांचे आहे. ही जोडी पुन्हा एकत्र येण्याची शक्यता कायमची संपली.

त्यांच्या पश्चात व्यंकटेश बळवंत ऊर्फ बापूराव पेंढारकर यांनी ललितकलादर्शची धुरा सांभाळली आणि 'सत्तेचे गुलाम', 'तुरुंगाच्या दारात' यांसारखी नाटके रंगभूमीवर आणली. पुढे बापूरावांचे पुत्र भालचंद्र पेंढारकर यांनी ही परंपरा चालवली.

रसिकांच्या आठवणींतील प्रयोग

संयुक्त मानापमानाचे ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही आणि त्या काळी ते शक्यही नव्हते. तत्कालीन तबकड्यांवर गायकाला कर्ण्यासमोर उभे राहून तीन-चार मिनिटांचे गाणे म्हणावे लागे. नाट्यगृहात रंगत गेलेला प्रयोग त्या साधनांच्या आवाक्याबाहेरचा होता. त्यामुळे ती रात्र उरली ती श्रोत्यांच्या स्मरणातच. ज्यांनी प्रयोग पाहिला ते आयुष्यभर त्याविषयी सांगत राहिले, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना वडीलधाऱ्यांकडून तो ऐकायला मिळाला. कुणाला केशवरावांची तान आठवे, कुणाला बालगंधर्वांचा एखादा हळुवार स्वर. बाजी कोणाची, या प्रश्नाची उत्तरे सांगणाऱ्यागणिक बदलत.

अशा आठवणींना काळाबरोबर अतिशयोक्ती चिकटते, हे खरे. तरीही त्यांचे मोल नाकारता येत नाही. बालगंधर्व पुढे शेहेचाळीस वर्षे जगले. त्यांच्या अनेक ध्वनिमुद्रिका निघाल्या आणि उतारवयातील त्यांचे गाणेही लोकांनी ऐकले. केशवरावांना ही संधी मिळाली नाही. वार्धक्याने थकलेला त्यांचा आवाज कुणीच ऐकला नाही. रसिकांच्या मनात ते कायम ऐन उमेदीतील धैर्यधरच राहिले.

स्मारक

शाहू महाराजांनी कोल्हापुरात खासबाग कुस्ती मैदानालगत उभारलेले 'पॅलेस थिएटर' १९१५ मध्ये सुरू झाले. १९५७ मध्ये त्याला केशवरावांचे नाव देण्यात आले. पुढे 'संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह' म्हणून ते कोल्हापूरच्या सांस्कृतिक जीवनाचे केंद्र बनले. केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, ८ ऑगस्ट २०२४ रोजी, लागलेल्या आगीत हे नाट्यगृह भस्मसात झाले. जयंतीच्या दिवशी कलावंत आणि नाट्यरसिक त्याच्या अवशेषांसमोर जमले. त्यानंतर नाट्यगृहाच्या पुनर्बांधणीचे काम हाती घेण्यात आले.