सर अलेक्झांडर फ्लेमिंग : औषधाबरोबर इशारा देणारा शास्त्रज्ञ

वाचकहो, पेनिसिलिनचे नाव ऐकले नाही असा माणूस आपल्यात विरळाच. परंतु ज्या शास्त्रज्ञाने या औषधाचा शोध लावला, त्यानेच त्याच्या गैरवापराचा धोकाही जगाला सांगून ठेवला होता, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. त्या थोर पुरुषाचे चरित्र थोडक्यात आपणांपुढे ठेवीत आहे.

अलेक्झांडर फ्लेमिंग यांचा जन्म दि. ६ ऑगस्ट १८८१ रोजी स्कॉटलंडमधील एअरशायर परगण्यात डार्व्हेल गावाजवळ एका शेतकऱ्याच्या घरी झाला. ते सात वर्षांचे असतानाच पितृछत्र हरपले. पुढे ते भावाकडे लंडनला गेले. काही वर्षे त्यांनी एका जहाज कंपनीच्या कचेरीत कारकुनी केली. काकांच्या वारसाहक्काने थोडा पैसा हाती आला, तो त्यांनी शिक्षणात घातला आणि सेंट मेरीज हॉस्पिटलच्या वैद्यकीय विद्यालयात नाव दाखल केले. १९०६ साली ते डॉक्टर झाले व तेथेच सर आल्मरॉथ राइट यांच्या हाताखाली जंतुशास्त्राच्या संशोधनास लागले.

पहिल्या महायुद्धात फ्रान्समधील लष्करी इस्पितळात त्यांनी काम केले. गोळी लागून वाचलेले जवान पुढे जखमेत पू होऊन दगावत. त्या काळची जंतुनाशके खोल जखमेतील जंतूंपर्यंत पोहोचत नसत. उलट शरीराच्या संरक्षक पेशींनाच मारीत. शरीराला इजा न करता जंतूंना मारील असे काही सापडेल काय, हा ध्यास त्यांना तेव्हापासून लागला.

सप्टेंबर १९२८ मध्ये सुट्टीवरून परतल्यावर ते स्टॅफिलोकोकस जंतू वाढविलेल्या काचेच्या बशा तपासीत होते. एका बशीत बुरशी आली होती आणि तिच्या आसपासचे जंतू विरघळून गेले होते. दुसऱ्या कोणी ती बशी धुऊन टाकली असती. फ्लेमिंग यांनी ती जपून ठेवली, बुरशीचा अभ्यास केला आणि तिच्यातील गुणकारी द्रव्यास पेनिसिलिन हे नाव दिले. ते शुद्ध स्वरूपात काढून रोग्याला देण्याजोगे करण्याचे काम मात्र ऑक्सफर्ड येथे हॉवर्ड फ्लोरी, अर्न्स्ट चेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. १९४१ साली एका पोलीस शिपायाला ते टोचले. तो सुधारू लागला. पण औषध संपले आणि तो दगावला. त्या वेळी थेंबाथेंबाची एवढी वानवा होती! १९४५ चे नोबेल पारितोषिक फ्लेमिंग, फ्लोरी व चेन या तिघांना विभागून मिळाले.

त्या प्रसंगीच्या व्याख्यानात फ्लेमिंग यांनी केवळ यशाचे गोडवे गाइले नाहीत. जंतू मरणार नाहीत इतक्या अल्प प्रमाणात पेनिसिलिन दिले, तर त्याला दाद न देणारे जंतू प्रयोगशाळेत सहज तयार होतात आणि शरीरातही तेच घडू शकते, असे त्यांनी बजावले. एक माणूस घसा दुखतो म्हणून आपल्याच मनाने अपुरे औषध घेतो, त्याचे निर्ढावलेले जंतू पत्नीला लागतात आणि औषध देऊनही ती वाचत नाही, अशी एक कल्पित गोष्ट त्यांनी उदाहरणादाखल सांगितली. चूक एकाची, शिक्षा दुसऱ्याला!

वाचकहो, हे घडते कसे? पेनिसिलिन जंतूला त्याची भिंत नीट बांधू देत नाही. म्हणून वाढता वाढताच तो फुटतो. परंतु अनुकूल परिस्थितीत काही जंतू वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. एवढ्या अफाट संख्येत एखाद्याच्या आनुवंशिक गुणांत आपोआप बदल होतो. एखाद्याजवळ पेनिसिलिन तोडून टाकणारे द्रव्य असते. औषध हा बदल मुद्दाम घडवीत नाही. ते दुबळ्यांना मारते आणि चिवटांना रान मोकळे करून देते. शिवाय हा गुण एक जंतू दुसऱ्या जंतूलाही देऊ शकतो.

फ्लेमिंग यांच्या हयातीतच हे खरे ठरले. लंडनच्या हॅमरस्मिथ इस्पितळात मेरी बार्बर यांनी तपासलेल्या स्टॅफिलोकोकसपैकी १९४८ सालापर्यंत निम्म्याहून अधिक पेनिसिलिनला दाद देईनासे झाले होते. पुढे मेथिसिलिन हे नवे औषध आले, तर १९६१ साली त्यालाही न जुमानणारे जंतू सापडल्याची नोंद झाली. फ्लेमिंग दि. ११ मार्च १९५५ रोजी निवर्तले. आपल्या पुण्याजवळ पिंपरी येथे पेनिसिलिनचा सरकारी कारखाना उभा राहिला तो याच सुमारास. जगभरच्या माहितीच्या आधारे केलेल्या अंदाजानुसार, २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे थेट मृत्यू पावलेल्यांची संख्या सुमारे १२ लाख ७० हजार होती.

आता आपल्या घराकडे वळू. साध्या सर्दी-पडशाला मेडिकलमधून कॅप्सूल आणणे, बरे वाटताच डॉक्टरांना न विचारता गोळ्या बंद करणे, उरलेल्या शेजाऱ्याच्या मुलाला देणे, या गोष्टी आपल्या मोहल्ल्यात नित्याच्या आहेत. सर्दी बहुधा विषाणूंमुळे होते. तिच्यावर ही औषधे चालतच नाहीत. डॉक्टरांनी सांगितली तरच ती घ्यावीत, आणि सांगितली तितकी व तितके दिवस घ्यावीत. शिफा देणारा अल्लाह आहे. औषध ही आपल्या हाती दिलेली अमानत आहे. तिच्यावर उद्याच्या रोग्याचाही हक्क आहे, आणि तो रोगी कदाचित आपलेच मूल असेल.